सोनिक सीडीचं संगीत: जपानी की अमेरिकन? आणि मामाच्या घरी मी नक्की काय ऐकलं?

तिसरं_गेट (धागाकर्ता)

रविवारी मामेभावाशी कडाक्याचं वाजलं. कारण कळल्यावर बायको कपाळावर हात मारून आत निघून गेली. दोघंही चाळिशीच्या उंबऱ्यावर, आणि भांडण कशावरून, तर सोनिक सीडी या गेममधल्या संगीतावरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सोनिक सीडी १९९३ साली सेगा या जपानी कंपनीच्या मेगा-सीडीवर आला (त्यांच्या मेगा ड्राइव्ह या टीव्ही गेमच्या मशीनला लागणारी सीडीची जोडणी). निळा सोनिक पळतो, अंगठ्या गोळा करतो, वगैरे नेहमीचंच. (त्याला साळिंदर म्हणायचं की काटेरी उंदीर, यासाठी वेगळा धागा काढा.) गंमत पुढे आहे. वाटेत ‘पास्ट’ आणि ‘फ्यूचर’ लिहिलेले खांब लागतात. खांबाला घासून गेलं आणि नंतर काही सेकंद न अडखळता पूर्ण वेगात पळत राहिलं, की सोनिक त्याच जागेच्या भूतकाळात किंवा भविष्यात जाऊन पडतो. भूतकाळात जाऊन खलनायकाचं यंत्र शोधून फोडलं तर भविष्य चांगलं, नाही फोडलं तर भकास. म्हणजे एकाच जागेची चार रूपं: भूत, वर्तमान, चांगलं भविष्य, वाईट भविष्य. आणि चारींचं संगीत वेगळं.

आता भांडण. या गेमला दोन संगीतं आहेत. जपान आणि युरोपच्या आवृत्तीत नाओफुमी हाताया आणि मासाफुमी ओगाता यांचं. अमेरिकेत गेम पोचला तेव्हा तिथल्या सेगाने बरंचसं संगीत काढून स्पेन्सर निल्सन आणि डेव्हिड यंग यांच्याकडून नवं करून घेतलं. चित्र तेच, पळणं तेच, कानावर पडणारं मात्र दुसरंच.

आमच्याकडे मेगा-सीडी कुठला असणार! मामाचं घर बेळगावच्या शहापुरात. १९९८ च्या आसपास त्यांच्याकडे कॉम्प्युटर आला, आणि त्यावर हाच गेम पीसी आवृत्तीत. मॉनिटरवर मामीने विणलेलं क्रोशाचं पांघरूण. ते काढून घडी घालून ठेवल्याशिवाय बटण दाबायची परवानगी नव्हती. शेजारी साड्या विणणाऱ्या मागांचं दुकान, दिवसभर खटखट. मे महिन्याची अख्खी सुट्टी आम्ही त्या खोलीत काढली.

पहिल्या लेव्हलची (पामट्री पॅनिक) एक धून माझ्या डोक्यात तेव्हापासून बसली आहे. भांडी घासताना गुणगुणतो, गाडी चालवताना गुणगुणतो. २०११ मध्ये गेम नव्याने आला, त्यात दोन्ही संगीतं आहेत, सेटिंगमध्ये जाऊन निवडता येतात. मी परवा पहिल्यांदा जपानी लावलं आणि उडालोच. माझी धून! अगदी तीच नाही, पण त्याच घरातली. म्हणजे लहानपणी आपण जपानी ऐकत होतो, हे पक्कं झालं.

मामेभाऊ म्हणतो, “शक्यच नाही. पीसीवर अमेरिकन संगीत होतं. तू नंतर कुठंतरी यूट्यूबवर ऐकलास आणि आठवणीत घुसडलास.”

पीसीवर अमेरिकन होतं, हे मी तपासलं. त्याचं बरोबर आहे. पण माझी धूनही खरी आहे. कुणी सांगेल का, हे कसं?

आणि ओघाने आलंच आहे तर: तुम्हाला कुठलं आवडतं, जपानी की अमेरिकन?

मांडे_तुपाशी

अमेरिकन. विषय संपला.

खानापूरचा_पाऊस

काय लिवूलास गा! मी आपला भात लावणीचा फोटो टाकायला आलो होतो, आणि हितं निळं जनावर पळूलंय.

बाकी आपल्या भागात ‘मूळ कुणाचं’ असा प्रश्न विचारणारा माणूस धाडसी म्हणायचा. बेळगाव कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं, १९५६ पासून तेच चाललंय. धागा शंभरी गाठणार.

पेटीवाली

मी दोन्ही ऐकलो. भाच्याने ऐकवला. गेम मी खेळत नाही, नुसतं ऐकलो डोळे मिटून, त्यामुळे माझं मत फक्त कानाचं समजा.

जपानीत ठेका पुढे आहे. नव्वदीच्या सुरुवातीला क्लबमधून वाजणारं हाउस आणि टेक्नो ऐकून केलेलं संगीत आहे ते, माणसाच्या आवाजाचे तुकडे कापून ठेक्यात टाकलेले. स्टारडस्ट स्पीडवे या लेव्हलचं वाईट भविष्य ऐका. भविष्य वाईट आणि संगीत असलं की उठून नाचावंसं वाटतंय! अमेरिकनमध्ये पट्टा वेगळा. गिटार, लांब लांब सूर, हवा भरलेली. स्वतंत्रपणे ऐकायला चांगलं आहे, कोण नाही म्हणतंय. पण त्यात सोनिक पळताना दिसत नाही मला, रात्री उशिरा कुणीतरी एकटं गाडी चालवतंय असं वाटतंय.

आणि अमेरिकनमध्ये तो बॉस येतो तेव्हाचं जे काय आहे ते! भाचा नऊ वर्षांचा, तो मांडीवर येऊन बसला.

सदाशिवपेठी

माफ करा, पण ‘मी ऐकलो’ नव्हे, ‘मी ऐकलं’. कर्मणी प्रयोग. शिवाय आपण स्त्री आहात असं नावावरून वाटतं, त्यामुळे ‘ऐकलो’ दोन्ही अंगांनी चूक.

पेटीवाली

मी ऐकलो, मी जेवलो, मी हे वाचून हसलो पण. आमच्याकडची आवृत्ती आहे ही काका, सेटिंग बदलून मिळणार नाही.

खानापूरचा_पाऊस

😂 काकांना बेळगावी कुंदा पाठवा कुणीतरी, तोंड गोड होईल.

सोल्डरगन

धागाकर्ता, तू आणि तुझा मामेभाऊ दोघंही बरोबर आहात. दुकान बंद करून जेवून आलो, आता सविस्तर लिहितो. वीस वर्षं सीडी प्लेयर उघडतोय, त्यामुळे हा माझा प्रांत.

त्या गेममध्ये संगीत दोन ठिकाणांहून येतं. एक, सीडीवरचे ऑडिओ ट्रॅक. गाण्यांच्या सीडीवर असतात तसेच अगदी, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. एका मिनिटाला सुमारे १० एमबी खातात. गेम फक्त ड्राइव्हला सांगतो, ‘अमुक नंबरचा ट्रॅक लाव’. दोन, मेगा-सीडीच्या आत रिकोचा एक चिप आहे, आठ चॅनेलचा. त्याला स्वतःची फक्त ६४ केबी मेमरी. त्यात वाद्यांचे बारीक बारीक नमुने भरायचे आणि गेमच्या प्रोग्रॅमने ते वेगवेगळ्या सुरांत वाजवायचे. म्हणजे पहिलं तयार गाणं, आणि दुसरं म्हणजे वादक बसवून प्रत्येक वेळी नव्याने वाजवून घेणं. वादक गरीब, वाद्यं छोटी.

पुरावा गेममध्येच आहे. त्यात एक लपवलेला साउंड टेस्टचा पडदा आहे. त्यावर तीन रकाने: एफएम, पीसीएम आणि डीए. एफएम म्हणजे मेगा ड्राइव्हच्या आपल्या चिपमधले आवाज, पीसीएम म्हणजे हा सीडी जोडणीतला चिप, आणि डीए म्हणजे सीडीवरचे ट्रॅक. (तिथे ४६, १२, २५ असे आकडे लावून बघा. रात्री एकट्याने नको.)

आता मुद्दा. वर्तमान आणि दोन्ही भविष्यं, यांचं संगीत सीडीच्या ट्रॅकवर. भूतकाळाचं संगीत चिपवर.

अमेरिकेत काय केलं? सीडीवरचे ट्रॅक बदलले. भूतकाळाचं संगीत गेमच्या डेटात गुंतलेलं होतं, ते तसंच राहिलं. म्हणजे अमेरिकन आवृत्ती खेळत असलास, तरी ‘पास्ट’चा खांब घासून मागे गेलास की तिथे हाताया आणि ओगाताच वाजतात. पुढे आलास की निल्सन.

तुझी धून भूतकाळातली आहे. जपानी वर्तमान आणि भूतकाळ एकाच चालीची दोन रूपं आहेत, म्हणून तुला ‘त्याच घरातली’ वाटली. बरोबर बोललास.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

सोल्डरगन, तुम्ही कुठे दुकान टाकलंय सांगा, पाया पडायला येतो.

आता सगळं जुळतंय. आम्ही दोघं आळीपाळीने खेळायचो. मामेभावाला लेव्हल पटापट संपवायची असायची, त्यामुळे तो सरळ पळायचा. मला ते यंत्र फोडायचं वेड. माझी पाळी आली की मी पहिल्यांदा पास्टचा खांब शोधायचो. म्हणजे एकाच खुर्चीत, एकाच सीडीवर, त्याने अमेरिकन संगीत ऐकलं आणि मी जपानी!

मांडे_तुपाशी

बरं, मीपण सविस्तर लिहितो मग. मी अमेरिकन म्हणालो कारण सुरुवातीचं गाणं. पॅस्टिश नावाच्या बायकांच्या ग्रुपने गायलंय. ते लागलं की मला पहाटे पाच वाजता पण उठवू शकता. जपानी सुरुवातीचं गाणं केको उतोकूने गायलंय, तेही ऐकलं, गोड आहे, पण बालवाडीच्या स्नेहसंमेलनातलं वाटतं.

आणि २०११ च्या आवृत्तीत त्या जपानी गाण्यांचे शब्दच काढून टाकलेत, नुसती चाल वाजते. हक्कांचा घोळ. म्हणजे तुम्ही मोठ्या भक्तीने ‘जपानी’ निवडता, आणि गायिका गायब. वर म्हणायचं आम्ही मूळ ऐकतो.

पेटीवाली

मांडे, हा मुद्दा मात्र मान्य. शब्द काढले की ते गाणं राहत नाही, पेटीवरची प्रॅक्टिस होते.

पण सोल्डरगननी सांगितलं ते वाचल्यापासून मी दुसराच विचार करत बसलो. चाल ठेवून बाकी बदलायचं, आणि चालच बदलून टाकायची, या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालली आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८० साली पुण्यात शाकुंतल उभं केलं, त्यात कर्नाटकी चाली घेतल्या. पुण्याच्या लोकांनी डोक्यावर घेतलं. भीमसेनांची अभंगवाणी मराठी आणि दासवाणी कन्नड, गळा तोच. आमच्या घरी आई मराठी भजन म्हणायची आणि शेजारच्या अक्का त्याच वळणाचं कन्नड पद. दोघी एकमेकींचा ठेका दुरुस्त करायच्या, शब्दांच्या वाटेला कुणी जायचं नाही.

अमेरिकेने केलं ते दुसरं. वर्तमान नव्या माणसाकडून करून घेतलं आणि त्याला भूतकाळाशी जोडायला वाव ठेवला नाही. तो बिचारा निल्सन चांगला वादक असेल, पण मागच्या पदाची चाल त्याच्या पुढच्या पदात नाही. जपानीत मागे गेलं की चाल ओळखीची लागते, फक्त जुनी, थोडी खरखरीत. अमेरिकनमध्ये मागे गेलं की परक्या घरी शिरल्यासारखं. माझं मत यावरून जपानीला.

सदाशिवपेठी

हा प्रतिसाद उत्तम. (व्याकरणाबद्दल यावेळी काही म्हणत नाही.)

एक शंका: अमेरिकन भविष्यं आपापसांत तरी जुळतात ना?

सोल्डरगन

जुळतात. निल्सनच्या बाजूचं वर्तमान आणि दोन भविष्यं एकाच चालीवर आहेत. तीन भावंडं सख्खी, चौथं दत्तक. किंवा उलट, चौथं घरचं आणि तिघं दत्तक. गेमफॅन मासिकाने तेव्हा या बदलावर कडाडून टीका केली होती, अमेरिकन मासिक असून. म्हणजे भांडण तुमच्या मामाच्या घरी सुरू झालेलं नाही, १९९३ पासूनचं आहे.

निपाणी_९९९९इन१

तुम्ही सगळे सीडीवाले, श्रीमंत. आमच्या निपाणीत टीव्ही गेम म्हणजे ती कॅसेटची मशीन, आणि कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं. त्यातले खरे गेम सात, बाकी तेच परत परत, कुठे मारिओ दहा अंगठ्यांनिशी... माफ करा, दहा जिवांनिशी सुरू. हा सोनिकचा धागा डोक्यात गेलाय.

पण आवृत्त्यांचाच विषय असेल तर कॅसलव्हेनिया ३ हा गेम घ्या. त्याच्यासमोर सोनिक सीडीचं भांडण काहीच नाही. जपानमध्ये १९८९ ला ‘अकुमाजो देन्सेत्सु’ म्हणून आला. कोनामी कंपनीने त्या कॅसेटच्या आतच स्वतःचा चिप घातला, व्हीआरसी६. फॅमिकॉम म्हणजे निन्टेंडोची जपानी मशीन, तिचे आवाजाचे पाच चॅनेल असतात, त्यात या चिपने तीन वाढवले. म्हणजे गाणाऱ्याने येताना आपले तीन साथीदार सोबत आणले.

१९९० ला अमेरिकेत तोच गेम गेला, पण साथीदार दारातच अडवले. कारण काय, तर जपानी फॅमिकॉमच्या कॅसेटला ६० पिना, त्यातल्या दोन आवाज कॅसेटमधून फिरवून आणायला. त्याच मशीनचा अमेरिकन अवतार एनईएस, त्याच्या कॅसेटला ७२ पिना, जास्त आहेत, तरी नेमकी तीच सोय कॅसेटच्या वाटेवरून काढलेली! म्हणून सगळं संगीत पाच चॅनेलमध्ये पुन्हा बसवलं. इथं चाल तीच आहे हं, पेटीवाली बाई. पण आठ जणांचा ताफा ऐकलेल्याला पाच जण ऐकवा.

आपल्याकडच्या कॅसेटीही ६० पिनांच्याच, म्हणजे जपानी घराण्याच्या. गेम नाही, निदान भोक तरी जपानी होतं.

खानापूरचा_पाऊस

निदान भोक तरी जपानी. दिवसाचं वाक्य. 🙏

सोल्डरगन

निपाणीकर, ठीक लिहिलंत. अजून एक घाला त्यात. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवायचे. जपान आणि अमेरिकेत ६०. बऱ्याच गेमांचं संगीत पडद्याच्या त्या ठोक्याला बांधलेलं. तोच गेम ५० वर आणला आणि दुरुस्ती केली नाही, की सहा मिनिटांचं संगीत सात मिनिटं बारा सेकंद चालणार. पहिला सोनिक युरोपात असाच रेंगाळत वाजायचा. दुसऱ्या सोनिकला त्यांनी संगीताचा वेग सुधारून घेतला.

त्यामुळे ‘युरोपात जपानीच संगीत होतं’ म्हणताना लक्षात ठेवा, सीडीचा ट्रॅक मात्र ५० वर पण हलत नाही, ड्राइव्ह आपल्या वेगाने फिरतो. सोनिक सीडीला त्याचा फायदा झाला. गाणं काही रेंगाळलं नाही.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

काल रात्री प्रयोग केला. तुमच्यासाठी तपशिलात लिहितो.

२०११ ची आवृत्ती लावली, सेटिंग अमेरिकन. पामट्री पॅनिक. सुरुवातीला गिटार आणि सगळं उन्हातलं, छान, पण माझ्या आठवणीत याचा कण नाही. खांब घासला. सोनिकच्या मागून चांदण्या सुटायला लागल्या. मधे एक टेकाड आडवं आलं, अडखळलो, चांदण्या गेल्या. परत खांब. तिसऱ्यांदा जमलं, पडदा पांढरा, आणि भूतकाळ.

पहिल्या चार ठोक्यांतच अंगावर काटा. आवाज जरा गढूळ, माठात तोंड घालून बोलल्यासारखा, पण तीच. अमेरिकन सेटिंगवर! मामेभावाला रात्री साडेअकराला व्हिडिओ पाठवला. त्याचं उत्तर: “झोप आता.”

पण एक घोळ झालाय. मी इतकी वर्षं जी धून गुणगुणतो तिच्यात एक जादा ठोका आहे. दर फेरीला, समेच्या किंचित मागून, ‘खट’ असा. तो मी हाताने मांडीवर वाजवतो, मुलीलाही तसाच शिकवलाय. काल कान लावून सहा-सात वेळा ऐकलं. भूतकाळात तो ठोका नाही. मग जपानी वर्तमान लावलं, तिथे नाही. अमेरिकनमध्ये नाही. दोन्ही भविष्यांत नाही.

सोल्डरगन, पीसी आवृत्तीत काही वेगळं होतं का?

सोल्डरगन

असा ठोका? मला तरी ठाऊक नाही. मांडीवर वाजवून रेकॉर्ड करून टाक.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

टाकलं. मागून कुकरची शिट्टी येते, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

पेटीवाली

ऐकलो. दोनदा.

हा तालवाद्याचा ठोका नाही. ताल धरणारा माणूस इतका नेमका मागे राहूच शकत नाही, दर वेळी तेवढाच. हे यंत्र आहे. आणि आवाजाला दोन अंगं आहेत, एक जाताना आणि एक परत येताना, तू मांडीवर त्यातलं एकच वाजवतोस, पण मधे बोट उचलून घेतोस ते ऐकू येतंय.

माझं माहेर विणकरांच्या वडगावचं. तू वरच लिहिलायस की मामाच्या शेजारी काय होतं ते.

खानापूरचा_पाऊस

आई शप्पथ. मागावर इकडून तिकडे पळणारा धोटा!

मांडे_तुपाशी

म्हणजे तिसरी आवृत्ती. शहापुरी. माझं मत बदलतो, मला ही पाहिजे.

निपाणी_९९९९इन१

यात पण चॅनेल वाढवून मिळाला बघा, कॅसेटबाहेरून.

तिसरं_गेट (धागाकर्ता)

दुपारी मामाला फोन केला. आधी पाच मिनिटं त्यांना वाटलं मी साडीच विचारतोय, रंग कुठला पाहिजे म्हणाले. मग समजावून सांगितलं. शेजारचं दुकान अजून आहे. चार मागांपैकी दोन चालू आहेत, एक दुरुस्तीला, एक भंगारात गेला. सकाळी नऊ ते एक चालवतात, वीज असेल तर.

रविवारी जातो. मामेभावाला पण सांगितलंय. लॅपटॉप त्या खोलीत तिथेच, खिडकीकडे तोंड करून ठेवायचा, आणि सेटिंग अमेरिकन. तो वर्तमानात खेळणार, मी खांब शोधणार. क्रोशाचं पांघरूण मामीने जपून ठेवलंय म्हणे, मिक्सरवर घातलंय.